छपराचे उष्णतानिरोधन

छपरातून घरात येणारी उष्णता अडविण्यासाठी छपरावर वा छपराखाली उष्णतेच्या मंदवाहक द्रव्याचा थर घालण्याच्या क्रियेस छपराचे उष्णतानिरोधन म्हणतात. मराठवाड्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातीने केले. आधुनिक पद्धतीत काचतंतू, खनिज लोकर, सेल्युलोज यांसारखी हलकी, सुटी द्रव्ये हवेच्या झोताने फुंकून भरतात.

माळवद : हिंगोलीसह मराठवाड्यातील जुन्या घरांचे सपाट धाबे माळवद या नावाने ओळखले जाते. लाकडी तुळयांवर फळ्या वा काटक्या अंथरून त्यांवर माती चोपून बसवितात. तीसाठी जुन्या वस्तीच्या जागेवरील पांढरी माती पसंत करतात. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वरचा थर नीट करावा लागतो, त्यामुळे थराची जाडी वाढत जाते. या जाड थरातून दुपारचे ऊन आत पोचण्यास अनेक तास लागतात. म्हणून बाहेर तापमान ४०° से. च्या वर गेले, तरी घरात गारवा राहतो.

फुंकून भरण्याची पद्धती : हिच्या यंत्रात द्रव्य ओतावयाचे नसराळे, दाबून बांधलेल्या गासड्यांतील द्रव्य पिंजून मोकळे करणारे फिरते दाते, हवा मागे येऊ न देता द्रव्य पुढे ढकलणारी फिरती झडप, पंखा आणि लांब लवचिक नळ असे मुख्य भाग असतात. एक कामगार यंत्रात द्रव्य घालतो, तर दुसरा माळ्यावर नळ धरून ते पसरतो. भिंतीच्या पोकळीत लहान छिद्रातून नळी घालून द्रव्य अधिक दाबाने ठासतात; तिला दाट भरण, तर माळ्यावरील पसरणीस सैल भरण म्हणतात. सैल भरणीत सेल्युलोजची घनता दर घ. मी. ला सु. ३० किग्रॅ., तर दाट भरणीत ५५–६५ किग्रॅ. असते. सैल द्रव्य कालांतराने खाली बसते. त्यामुळे सुरुवातीची जाडी जास्त ठेवतात. जाडी भागिले उष्णता संवाहकता या राशीस रोधमूल्य म्हणतात. सेल्युलोज जुन्या वर्तमानपत्रांच्या कागदापासून बनवितात आणि आग व कीड यांस प्रतिबंध व्हावा म्हणून त्यात टाकणखार किंवा बोरिक अम्ल मिसळतात. काम करताना नाकातोंडावर मुखवटा आवश्यक असतो.

तुलना : सु. ४० सेंमी. जाडीच्या मातीचे वजन दर चौ. मी. ला ६५०–७०० किग्रॅ. भरते. सेल्युलोजचा १० सेंमी. थर फक्त सु. ३ किग्रॅ. वजनाचा असून त्याचे रोधमूल्य या मातीच्या तिपटीहून जास्त असते. मात्र माती उष्णता साठवून ती उशिरा सोडते; हलक्या द्रव्यात हा गुण अत्यल्प असतो.

या वजनाचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपात नऊ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपेतील माणसांवर कोसळली, हे मनुष्यहानीचे प्रमुख कारण होते. हिंगोली जिल्ह्यातही २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी प्रत्येकी ४·५ महत्तेचे धक्के नोंदले गेले. म्हणून माळवदावर मातीचा नवा थर चढविण्यापूर्वी जुनी माती काढणे व लाकूड तपासणे इष्ट ठरते.

उपयुक्तता : सैल भरणीसाठी छप्पर व छत यांमध्ये पोकळी लागते. पत्र्याच्या घराला भक्कम छत असल्यास ती योग्य ठरते. पण पत्रा गळत असल्यास सेल्युलोज भिजून निकामी होते. सिमेंट काँक्रीटच्या सपाट छपराला अशी पोकळी नसते. तेथे वरून चुन्याचा पांढरा लेप देऊन ऊन परावर्तित करणे हा स्वस्त उपाय आहे. गारवा राखून डोक्यावरचे ओझे घटविणे, हे या प्रदेशातील छपराच्या रचनेचे मुख्य सूत्र होय.