विटेला तीन मिलिमीटर

ऑस्ट्रेलियातून १९२५ साली रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण इंग्लंडला आला, तो रेल्वेच्या ओढीनं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची इंजिनं स्विंडनच्या कारखान्यात घडत. स्विंडनजवळच्या वॅनबरो या खेड्यात त्यानं मुक्काम केला. भोवती व्हाइट हॉर्सचं खोरं. एका अंगाला खडूच्या बोडक्या टेकड्या, खाली शेतं आणि त्यांत विटांची, दगडांची, गवतानं शाकारलेली घरं. इंजिनं पाहायला आलेल्या या माणसाचा जीव हळूहळू घरांवर जडला. अशाच एका घराचं शाकारलेलं छप्पर उतरून त्यावर ॲस्बेस्टॉस चढलेलं त्यानं पाहिलं, आणि ही वस्ती आता फार दिवस अशी राहायची नाही हे त्याला कळून चुकलं.

थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. त्यानं मापं घ्यायला सुरुवात केली. गावोगाव फिरून घरं मोजायची, फोटो काढायचे, भिंतीचा रंग कुठं विटलाय आणि कुठं शेवाळलाय ते टिपून ठेवायचं, आणि मग त्या घराची हुबेहूब प्रतिकृती करायची. अशा घरांचं एक गाव उभं करायचं आणि त्याच्या कडेनं ग्रेट वेस्टर्नची गाडी धावती ठेवायची. ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम या गावी १९५४ साली त्यानं त्यासाठी जागा घेतली. पूर्वी तिथं एक पब होता. तिथं युथ हॉस्टेल चालवून तो पोटापुरतं मिळवी आणि उरलेला वेळ पुठ्ठा कापत बसे. आजचं पेंडन म्युझियम ते हेच. इंग्लंड १९९५ साली वारला. त्याचं खोरं त्याच्या डोळ्यांसमोर पुरं झालं नाही, पण ते पुढं करत राहणारी माणसं त्यानं तयार केली होती. हे सगळे स्वयंसेवक.

पेंडनचं प्रमाण एकास शहात्तर. म्हणजे खऱ्या एका फुटाला इथं चार मिलिमीटर. साडेपाच फुटी माणूस बावीस मिलिमीटरचा होतो. नऊ इंची वीट तीन मिलिमीटर लांब होते आणि दर्जेसकट विटेचा एक थर एक मिलिमीटर उंच. वीस फूट लांब, दहा फूट उंच अशी साधी भिंत धरली तर मॉडेलमध्ये ती आठ सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरची, तळहातावर मावणारी. पण तिच्यात विटांचे चाळीस थर येतात आणि विटा हजारावर जातात. पेंडनमध्ये या विटा छापील कागदावरून येत नाहीत. चांगल्या जाड कार्डावर बोथट टोकानं दर्जा दाबून काढतात आणि मग बारीक कुंचल्यानं, जलरंगात, एकेक वीट रंगवतात. सगळ्या विटा एका लाल रंगाच्या असून चालत नाही, कारण भट्टीतून निघालेल्या दोन विटा कधी एकसारख्या नसतात. काही जांभळट, काही करपलेल्या, काही पिवळट. शेजारच्या विटेपेक्षा अर्धी छटा वेगळी, पण तीन हात दूर उभ्या असलेल्या माणसाला भिंत एकजीव दिसली पाहिजे. ही कसोटी फार अवघड आहे. एका घरावर शेकडो तास जातात ते इथं.

छपराचं काम वेगळं. नळजोडणीत आटे घट्ट बसवायला जो अंबाडीसारखा ताग वापरतात, त्याच्या बारीक जुड्या करून त्या वळचणीपासून वर थरावर थर चिकटवत न्यायच्या आणि मग कात्रीनं सारख्या करायच्या. खरा शाकारणाराही खालून वरच जातो. बागेतली फुलं रंगवलेल्या कागदाच्या कणांची, झाडांचे बुंधे तारा पिळून केलेले.

या गावाचं नाव पेंडन पार्वा. नकाशावर ते शोधू नये, सापडणार नाही. घरं मात्र खरी आहेत. एक घर एका खेड्यातलं, दुसरं पाच मैलांवरच्या दुसऱ्या खेड्यातलं. ती शेजारी आणून ठेवली आहेत आणि काळ साधारण १९३० च्या सुमाराचा धरला आहे. मला ही निवड मोलाची वाटते. एकच गाव जसंच्या तसं उचललं असतं तर त्यातली चार सुंदर आणि चाळीस सामान्य घरं करावी लागली असती, आणि बाकीच्या खेड्यांतली सुंदर घरं गेली ती गेलीच असती. इंग्लंडनं गाव कल्पनेतलं घेतलं, पण त्यातल्या एकाही घराची खिडकी मनानं काढली नाही. गाड्यांचंही तेच. कुठल्या इंजिनामागं कुठले डबे, किती, कुठल्या क्रमानं, हे त्या काळच्या नोंदींवरून ठरतं. याच खोऱ्यातून त्या वर्षांत चेल्टनहॅम फ्लायर पळत होती. जून १९३२ मध्ये तिनं स्विंडन ते पॅडिंग्टन हे सत्त्याहत्तर मैलांचं अंतर ५६ मिनिटं ४७ सेकंदांत कापलं होतं. शेतात गवत गोळा होतंय आणि मागून त्या काळातली जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक जातेय, हे दोन्ही त्या एका दृश्यात आहे.

आता रुळांबद्दल. ब्रिटनमधल्या बहुतेक हौशी मॉडेलांचे रूळ चुकीच्या मापाचे असतात, आणि चूक जुनी आहे. युरोपात एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण रुळलं, त्याला एचओ म्हणतात. त्यात रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. ब्रिटिश इंजिनं मुळात आकारानं लहान, त्यामुळं त्या काळची मोटर एचओच्या इंजिनात मावेना. मग कारखानदारांनी इंजिन फुगवून एकास शहात्तर केलं आणि रूळ तेच ठेवले. परिणामी चार फूट साडेआठ इंचांचा रूळ चार फूट दीड इंचाचा झाला. समोरून पाहिलं की गाडी आखडून उभी राहिल्यासारखी दिसते. पेंडनवाल्यांनी रूळ अठरा मिलिमीटरचे घेतले. त्याची किंमत अशी की बाजारातलं कुठलंही इंजिन तसंच्या तसं चालवता येत नाही. चाकं बदलावी लागतात, नाहीतर इंजिनच घरी घडवावं लागतं.

याच म्युझियममध्ये दुसरी एक मांडणी आहे, पेंडनच्या अगदी उलट स्वभावाची. मॅडर व्हॅली रेल्वे. जॉन अहर्न यांनी ती १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून घरी उभी केली. मॅडरपोर्ट हे बंदर, गॅमन मॅग्ना हे दुसऱ्या टोकाचं गाव, आणि मधून डुलत जाणारी छोटी गाडी. रेल्वे पूर्ण कल्पनेतली. अहर्न यांच्याआधी हौशी लोक मॉडेल करत ते मुख्यतः गाड्या चालवण्यासाठी. टेबलावर रूळ, एक बोगदा, एक स्टेशन, झालं. गाडी एखाद्या मुलखातून जाते, त्या मुलखाला चढउतार असतो, भिंतींना पावसाचे ओघळ असतात, हे अहर्न यांनी करून दाखवलं आणि त्यावर पुस्तकं लिहिली. इमारतींवरचं १९४७ चं, इंजिनांवरचं त्यानंतरच्या वर्षीचं आणि भूदृश्यावरचं १९५१ चं. पुढच्या पिढीतले कितीतरी जण या पुस्तकांवर शिकले. अहर्न १९६१ साली गेले आणि मॅडर व्हॅली पुढं पेंडनकडं आली.

आणि इथं डागडुजीचा खरा प्रश्न उभा राहतो.

असली मांडणी म्हातारी कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. सगळ्यांत आधी लाकूड. दमट हवेत फळी फुगते, कोरड्या हवेत आक्रसते, आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर रूळ केसभर वरखाली होतो. केसभर पुरे, गाडी तिथंच घसरते. मग विजेचं. चाक आणि रूळ यांच्यामध्ये सतत बारीक ठिणग्या पडतात, त्यानं रुळावर काळा थर बसतो. अननुभवी माणूस तो खरवडून काढतो. मग रुळाला चरे पडतात आणि पुढचा मळ त्या चऱ्यांत अधिक घट्ट बसतो. कापडाला स्पिरिट लावून हळू पुसणं हाच उपाय, आणि तो दर वेळी करावा लागतो. डाख दिलेले सांधे वर्षांनी सुटतात. बाहेरून तार जागच्या जागी दिसते, आत जोड मेलेला असतो. पुठ्ठ्याचे पदर उकलतात, सरस पिवळा पडतो, हिरवा रंग उजेडानं निळसर होत जातो. धूळ सगळ्यावर बसते, आणि मॉडेलच्या मापात धुळीचा कण म्हणजे दगड.

सर्वांत वाईट रोग धातूचा. त्या काळी बरेच सुटे भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतत. ओतताना त्यात शिशाचा थोडा अंश मिसळला गेला की वर्षानुवर्षांनी तो भाग आतून फुगतो, त्याला भेगा जातात आणि एक दिवस बिस्किटासारखा हातात चुरा होतो. त्यावर औषध नाही. नवा भाग करून बसवायचा, एवढंच.

अहर्न यांनी गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा वापरला. आज विद्युतभारानं तंतू उभे करून गवत लावण्याचं छोटं यंत्र मिळतं आणि त्याचं गवत खऱ्यासारखं दिसतं. मग मॅडर व्हॅलीचा भुसा खरवडून तिथं नवं गवत लावायचं का? मला वाटतं, मुळीच नाही. नवं गवत जास्त खरं दिसेल, पण मॅडर व्हॅलीमध्ये आपण इंग्लंडचं गवत पाहायला जात नाही. एका माणसानं, जवळ काहीच तयार मिळत नसताना, भुशातून गवत कसं काढलं ते पाहायला जातो. म्हणून तिथं झिजलेली मोटर बदलावी, तुटलेली तार बदलावी, गाडी चालती ठेवावी, आणि पाहणाऱ्याच्या नजरेला जे दिसतं त्याला शक्यतो स्वच्छतेपलीकडं हात लावू नये. भुसा गळला तिथं भुसाच लावावा, आणि कुठं लावला त्याची नोंद ठेवावी. पेंडन पार्वाच्या खोऱ्याला मात्र हा नियम लागू नाही. ते अजून घडतंय. कुंपणाचं नवं, जास्त बरोबर काम कुणाला जमलं तर जुनं काढावं, मूळ कर्त्यानंही तेच केलं असतं. एकाच छपराखाली डागडुजीचे हे दोन धर्म पाळावे लागतात, आणि कुठं कुठला पाळायचा हे कळणं हाताच्या कसबापेक्षा कठीण आहे.

गावोगावच्या प्रदर्शनांत नेण्याच्या मांडण्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या फळ्या मोटारीत मावतील अशा तुकड्यांत असतात, तुकडे पितळी खुंट्यांनी जुळवतात, आणि गाड्या पडद्याआड जाऊन थांबतात तिथं एक माणूस दिवसभर वाकून पुढची गाडी लावत असतो. प्रत्येक प्रवासात कुठली तरी चिमणी मोडतेच, म्हणून सरस आणि चिमटा सामानात आधी भरतात.

आपल्याकडं भाऊ जोशी यांनी पुण्यात कोथरूडला हे वेड जोपासलं आणि १९९८ साली लघुरेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. ते एचओ प्रमाणातलं आहे: शहर, पूल, सिग्नल आणि दिवे लागल्यावर धावणाऱ्या गाड्या. तिथं गेलेलं पोर काचेला नाक लावून उभं राहतं, हलत नाही. पण तिथले साडेसोळा मिलिमीटरचे रूळ युरोपच्या मापाचे. आपल्या ब्रॉडगेजला त्या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरहून थोडे जास्त लागतील, आणि तसे रूळ, चाकं, इंजिनं तयार मिळत नाहीत. भारतीय रेल्वे मापात करायची तर सगळंच हातानं करावं लागेल, पेंडनसारखं.

आणि करण्यासारखं खूप आहे. बार्शी लाइट रेल्वेचंच घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेली ही अडीच फुटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला धावली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. याच कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच अडीच फुटी गाडी १९०४ साली सुरू करून दिली. ती १९३४ मध्ये बंद पडली. बार्शी लाइटचे रूळ आता ब्रॉडगेज झाले. वारीच्या दिवसांत पंढरपूरकडं माणसांनी भरून निघणारे ते चिमुकले डबे पाहिलेली, त्या इंजिनांवर काम केलेली माणसं सोलापूर जिल्ह्यात अजून आहेत. कुठल्या स्टेशनाची भिंत दगडी होती, पाण्याची टाकी कुठल्या बाजूला होती, डब्यांचा रंग कुठल्या वर्षी बदलला, हे त्यांना विचारून घ्यायला हवं, आणि टेप घेऊन जे उभं आहे ते मोजायला हवं. पेंडनच्या मापात अडीच फुटी रूळ बरोबर दहा मिलिमीटर होतो, त्यामुळं पट्टीवर हिशेब सोपा आहे.