उठण्याच्या वेळेपासून सुरू होणारी झोप

थकवा घालवायचा तर अंथरुणात अधिक वेळ काढावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि रविवारी उन्हे वर येईपर्यंत लोळून आठवड्याची भरपाई करण्याची रीत तिच्यातूनच रूढ झाली आहे. निद्राविज्ञान या समजुतीला अर्धाच दुजोरा देते. तासांची संख्या महत्त्वाची आहेच (प्रौढ व्यक्तीला साधारणपणे किमान सात तास झोप लागते), परंतु ते तास दिवसाच्या कोणत्या भागात पडतात आणि त्यापूर्वी माणूस किती वेळ सलग जागा होता, यावरही झोपेचा कस ठरतो.

झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये या दोन घटकांची एकत्र मांडणी केली. पहिला घटक म्हणजे निद्रादाब, अर्थात जागेपणाबरोबर वाढत जाणारी झोपेची ओढ. वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि ही ऊर्जा खर्ची पडताना ॲडेनोसिन नावाचे रसायन त्यात साचत जाते; ते जितके साचेल तितकी गुंगी वाढते आणि झोपेत त्याचा निचरा होतो. चहा-कॉफीतील कॅफीन हे रसायन नाहीसे करत नाही, केवळ त्याचा संदेश अडवून धरते. कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडण्यास सरासरी पाच तास लागत असल्याने, चार वाजता घेतलेल्या कडक चहाचा बराचसा परिणाम रात्री नऊ वाजताही शिल्लक असतो, मग तो पिणाऱ्याला जाणवो वा न जाणवो.

दुसरा घटक म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले जैविक घड्याळ. ते इच्छेला किती जुमानते, याची परीक्षा १९३८ मध्ये नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी स्वतःवरच घेतली. अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहेत, सूर्यप्रकाशापासून पूर्णपणे दूर, ते आणि त्यांचे सहकारी ब्रूस रिचर्डसन ३२ दिवस राहिले आणि २८ तासांचा एक दिवस धरून दोघांनी दिनक्रम आखला. तरुण रिचर्डसन यांनी तो बऱ्यापैकी अंगवळणी पाडला. क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र २४ तासांच्या आसपासच चढत-उतरत राहिले. पुढील संशोधनातून हे घड्याळ बहुतेकांमध्ये २४ तासांहून किंचित मंद चालते आणि ते रोज जुळवून घेण्याचे मुख्य साधन म्हणजे डोळ्यांवर पडणारा सकाळचा प्रकाश, हे स्पष्ट झाले. घरातील दिव्यांचा उजेड पुरेसा वाटला तरी ढगाळ दिवशीचा बाहेरचा प्रकाशही त्याच्या कितीतरी पट प्रखर असतो, म्हणून सकाळी काही वेळ अंगणात किंवा गच्चीत काढणे उपयोगी ठरते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर भिंतीवरचे घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ तसाही बसत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली असल्याने मुंबईत सूर्य तिच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो, तर गडचिरोलीत जेमतेम १० मिनिटे. सकाळी सातच्या शाळेसाठी हिवाळ्यात अंधारातच उठवल्या जाणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातील मुलांचे डोळे जड असतात, त्यात नवल नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी न भरवण्याचे आदेश काढले, तेव्हा बसगाड्या आणि दुबार शाळांच्या अडचणी पुढे आल्या. त्या खऱ्या होत्या, पण झोपेच्या दृष्टीने आदेशामागचा विचार योग्यच म्हणावा लागेल.

या दोन्ही घटकांचा सर्वांत व्यवहार्य उपयोग निद्रानाशाच्या उपचारात झालेला दिसतो. समजा, एखादी व्यक्ती रात्री दहाला आडवी होते, सातला उठते आणि या नऊ तासांत तिला जेमतेम सहा तास झोप लागते. उरलेले तीन तास कूस बदलण्यात, घड्याळ पाहण्यात आणि उद्याच्या कामांची चिंता करण्यात जातात. हा क्रम लांबला की अंथरूण हीच जागे राहण्याची जागा ठरते. आर्थर स्पीलमन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत अशा व्यक्तीला बाराला झोपून सहालाच उठण्यास सांगितले जाते, मग रात्र कशीही गेलेली असो. पहिले काही दिवस पेंग येते, चिडचिड होते. तथापि साचलेला निद्रादाब हळूहळू झोप सलग करतो आणि अंथरुणातील सुमारे ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की ती मुदत पंधरा-वीस मिनिटांनी वाढवली जाते. रिचर्ड बूटझिन यांचा १९७२ मधील नियमही याला जोडला जातो: झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे आणि डोळे मिटू लागले की परतावे. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांआधी अशाच वर्तनोपचारांची शिफारस केली. अपस्मार किंवा द्विध्रुवी मनोविकार असणाऱ्यांनी, तसेच वाहनचालकांनी मात्र झोपेची अशी काटछाट डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

दुपारच्या वामकुक्षीकडेही याच नजरेने पाहावे लागते. चरकसंहितेने आहार व ब्रह्मचर्यासह निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले असून, रात्री लहान असणाऱ्या ग्रीष्मात दिवसा झोपण्यास मुभा दिली आहे. वीसेक मिनिटांची डुलकी तरतरी देते. तासाभराची झोप गाढ टप्प्यात शिरते, उठताना डोके जड करते आणि रात्रीसाठी साठवलेला निद्रादाबही खर्च करून टाकते.

वेळ पाळूनही थकवा जात नसेल, विशेषतः मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा बसल्या बसल्या पेंगणे ही लक्षणे एकत्र असतील, तर कारण निद्राश्वसनरोधात असू शकते. या विकारात घशाचा मार्ग वारंवार आखडतो व मेंदू तितक्याच वेळा क्षणभर जागा होतो. झोपलेल्याला त्याचा पत्ता नसतो, म्हणून रुग्णालयातील निद्राचाचणीपूर्वी शेजारी झोपणाऱ्याची साक्षच अधिक मोलाची ठरते.