आडनाव वेगळं, तरी भाऊ-बहीण? गोंडांचं देवांचं गणित

आजचा विषय आपल्या काटोल-नरखेडकडचाच. मडावी, उईके, धुर्वे, टेकाम... शाळेत हजेरीत ही आडनावं रोज ऐकली ना? पण गोंड घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की आडनावासोबत अजून एक प्रश्न येतो: "तुमचे देव किती?"

आता हे काय? तर गोंड समाजात प्रत्येक कूळ ठरावीक संख्येचे देव मानतं. कोणी चार, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सारखी संख्या मानणाऱ्या सगळ्या कुळांचा मिळून एक मोठा गट होतो, त्याला 'सगा' म्हणतात. एका सग्यातले सगळे एकमेकांचे भाऊबंद. म्हणजे दोघंही सात देववाले असतील तर आडनावं वेगळी असूनही लग्न जमत नाही.

माझ्या भाषेत सांगतो. डेटाबेसमध्ये आडनाव हा एक कॉलम, देव हा दुसरा. नातं तपासताना फक्त पहिला कॉलम पाहिला तर उत्तर चुकतं.

आत्याची मुलगी मात्र चालते. कारण मूल बापाच्या देवांत मोजतात, आणि आत्याचं सासर वेगळ्या देवांचं असतं. ज्या घरातून मुलगी गेली, त्या घरात तिची मुलगी सून म्हणून येते. याला 'दूध लौटावा' म्हणतात.

मग हा हिशोब लक्षात कोण ठेवायचं? परधान. किंगरी वाजवत ते कुळांच्या कथा गातात. गावदेवाची पूजा भूमकाकडे, भांडणतंटा पटेल आणि पंचांकडे. जगात इतरत्रही असं आहे. थायलंड-म्यानमारकडच्या आखा लोकांत बापाच्या नावाचा शेवटचा तुकडा मुलाच्या नावाच्या सुरुवातीला लावतात. म्हणून अख्खी वंशावळ साखळीसारखी तोंडपाठ म्हणता येते.

"जुन्या गोष्टी, काय करायच्या?" असं वाटत असेल तर थांबा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 2(2) वाचा. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिथे चालते ती रूढी. आणि वाद कोर्टात गेला तर रूढी सिद्ध करावी लागते. ती सांगणारं माणूसच उरलं नाही, तर सिद्ध कशी करणार?

तर गोंड घरातल्या दोस्तांनो, आजीला आजच विचारा: आपले देव किती, आपल्या सग्यात कोणती कुळं येतात. आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा.

भेटू पुढच्या भागात!