डिकीतला बास आता सीटखाली. पण बसवण्याआधी पिवळी वायर बघा

खंडाळा : पावसाळा लागला की शनिवार-रविवारी भुशी धरण, टायगर पॉइंट, लायन्स पॉइंटकडे गाड्यांची रांग लागते. त्यातली एखादी गाडी रात्री घराजवळून गेली की गाणं कोणतं ते कळत नाही, पण खिडकीची काच आणि मांडणीवरची भांडी थरथरतात. कुरवंडे, कुणेनामा भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

असं का होतं? गाण्यातला जाड आवाज, म्हणजे ढोलाचा ठोका किंवा बास गिटार, साधारण २० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब. म्हणजे दोन मोटारी एकामागे एक लावल्या एवढी. अशा लाटेला दाराचा पत्रा आणि काच फारशी अडवू शकत नाहीत. बारीक आवाज गाडीतच अडतो, बास मात्र वस्तीपर्यंत पोचतो.

यावर एक उपाय आहे, आपल्याकडे अजून कमी लोकांना माहीत असलेला. त्याला बास शेकर म्हणतात. आत स्पीकरसारखंच लोहचुंबक आणि तारेची कॉइल. फरक एवढाच, की स्पीकरमध्ये कागदी पडदा हलतो आणि हवा ढकलतो, इथे जड वजन हलतं आणि ज्याला ते बोल्टने आवळलंय त्या सीटला हादरा देतं. हवा फारशी हलत नाही, म्हणून आवाज जवळजवळ नाही. ठोका पाठीला आणि मांड्यांना जाणवतो, मेंदू त्याची कानातल्या गाण्याशी सांगड घालतो आणि बास मोठा वाटतो. सिनेमागृहात, गेम खेळायच्या खुर्च्यांत हीच युक्ती असते. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनाही याने ताल कळतो. (दिवसभर पॉवर टिलरमागे चिखलणी करणाऱ्याला हादऱ्यासाठी पैसे मोजणं पटायचं नाही, ते सोडा.)

पर्यटकांची भाडी मारणाऱ्या आपल्या पोरांना याचा दुसरा फायदा आहे. वूफरची पेटी निम्मी डिकी खाते, मग पाहुण्यांच्या बॅगा टपावर. शेकर ताटलीएवढा, सीटखाली मावतो.

आता बसवायचं कसं. शेकर थेट डेकवर चालत नाही, त्याला वेगळा अॅम्प लागतो. अॅम्पवर लो-पास फिल्टर असायलाच हवा आणि तो ८० हर्ट्झच्या आसपास ठेवायचा. नाहीतर गाणाऱ्याचा आवाजही सीटमध्ये गुणगुणतो, गुदगुल्या झाल्यासारखं होतं. ४ ओहमचे दोन शेकर समांतर जोडले तर २ ओहम होतात, एकामागे एक जोडले तर ८. अॅम्पला २ ओहम झेपतो का ते आधी वाचा, नाहीतर तो तापून बंद पडेल. बॅटरीपासून येणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. फ्यूजशिवाय वायर पत्र्याला घासली की गाडी पेटायला वेळ लागत नाही. शेकर सीटच्या लोखंडी सांगाड्यालाच आवळा, फोमला बांधून उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सीटखालच्या वायरींचं. नव्या गाड्यांत तिथे एअरबॅग आणि सीट बेल्टच्या वायरी असतात, त्यांचा जोड बहुतेक पिवळा असतो. त्याला हात लावायचा नाही, त्यातून करंट घ्यायचा नाही. सीटचे मूळ बोल्ट, बेल्टचं कुलूपही बदलायचं नाही. फिटर "काही होत नाय" म्हणाला तरी ऐकू नका. अपघातात एअरबॅग उघडली नाही तर तो तिथे नसतो.

माझं मत विचाराल तर ड्रायव्हरच्या सीटला शेकर नकोच, शेजारच्या आणि मागच्या सीटला बसवा. घाट उतरताना चाकातली हवा कमी झाली, ब्रेक थरथरला, गाडी रस्त्यावरच्या पट्ट्यांवर गेली, हे आधी बुडाला कळतं. तिथेच गाण्याचा हादरा चालू असेल तर खरा हादरा ओळखायचा कसा? त्यात धुकं असलं की मागच्याचा हॉर्नही ऐकू यायला हवा. मागे पाठदुखीचं किंवा गरोदर प्रवासी असेल तर बटण बंद करावं, म्हणून वेगळं बटण ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्रास झाला तर ११२ वर फोन करता येतो.

शेकर लावूनही वूफर पूर्वीसारखाच ठोकत ठेवला तर गावाला फरक काहीच नाही. म्हणून बसवून झालं की काचा बंद करून गाणं लावा, उतरून वीसेक पावलं लांब उभे राहा आणि ऐका. ठोका तिथपर्यंत येत असेल तर वूफरचा नॉब अजून खाली घ्यायचा आहे.