पेशा बदलण्याचा विमा

बर्लिन : जर्मन भाषेत पेशाला ‘बेरूफ’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी ‘हाक’ आहे. मार्टिन ल्यूथरने बायबल जर्मनमध्ये आणताना देवाची हाक आणि माणसाचे रोजचे काम या एका शब्दात बांधले, आणि ती गाठ अजून सुटलेली नाही. बेकर, गवंडी, चष्मे बनवणारा, दंतवैद्याची मदतनीस असे सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त पेशे इथे आहेत. प्रत्येकाचा अभ्यासक्रम ठरलेला, बहुतेकांची मुदत तीन वर्षे किंवा त्याच्या आसपास, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. सोळाव्या-सतराव्या वर्षी धरलेला पेशा निवृत्तीपर्यंत पुरायचा, ही या व्यवस्थेची जुनी समजूत. त्याच देशात आज चाळिशी ओलांडलेली माणसे बेकरी, गोदाम, हॉटेलचा काउंटर सोडून वेबसाइट बांधायला शिकताना दिसतात. लांबून पाहणाऱ्याला ही करामत बूटकॅम्पची, म्हणजे नऊ-बारा आठवड्यांत कोडिंग शिकवणाऱ्या दिवसभराच्या वर्गांची वाटते. मला तसे वाटत नाही. अर्धे आयुष्य एका कामात घालवलेल्या माणसाला दुसरे काम शिकायचे तर दोन गोष्टी लागतात: शिकत असताना घर चालेल एवढा पैसा, आणि शिकून झाल्यावर मालक ज्यावर विश्वास ठेवील असा कागद. जर्मनीने या दोन्हींची सोय विम्यातून केली आहे. इथल्या बूटकॅम्पचे यशापयश त्या विम्यावर तोलले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हा विमा समजून घ्यायला पगाराच्या स्लिपपासून सुरुवात करावी लागते. प्रत्येक नोकरदाराच्या ढोबळ पगाराच्या २.६ टक्के एवढी रक्कम बेकारी विम्यात जाते. निम्मी त्याची, निम्मी मालकाची. नोकरी गेली की निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर ६७ टक्के. पन्नाशीच्या आतल्या माणसाला तो जास्तीत जास्त एक वर्ष, आणि वय वाढेल तशी मुदत वाढत अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे वय जास्त असेल तर दुसरी नोकरी मिळायला वेळ लागतो, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. १९६९ च्या कायद्याने या विम्याचे काम आणखी पुढे नेले: बेकाराला सांभाळायचे तसेच त्याला नवे कौशल्यही शिकवायचे. २००३ पासून त्यासाठी ‘बिल्डुंग्सगुटशाइन’, म्हणजे शिक्षणाचे व्हाउचर आले. रोजगार कार्यालयातून मिळणाऱ्या या कागदावर चार गोष्टी असतात: काय शिकायचे, किती काळ, कोणत्या भागात, आणि हा कागद कधीपर्यंत चालेल. तो घेऊन माणूस मान्यताप्राप्त संस्थेत जातो. फी कार्यालय भरते आणि बेकारी भत्ता चालू राहतो. एरवी खिशातून सात-आठ हजार युरो घालावे लागतील असा कोडिंगचा कोर्स अशा रीतीने फुकट होतो. पिठाच्या धुळीने बेकरांना होणारा दमा इथे व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य आहे. असा दमा झालेल्या माणसाच्या नव्या शिक्षणाचा खर्च तर अपघात विमा उचलतो, कारण तो आजार त्याला कामाने दिला, असे कायदा मानतो.

पण व्हाउचरवर मिळणाऱ्या सगळ्याच वाटा सारख्या नाहीत, आणि बूटकॅम्पच्या जाहिराती हा फरक पुसतात. एक वाट काही महिन्यांच्या कोर्सची. शेवटी संस्थेचे स्वतःचे सर्टिफिकेट मिळते, त्याची किंमत मालक देईल तेवढीच. दुसरी वाट ‘उमशूलुंग’ची, म्हणजे पुन्हा मुळापासून पेशा शिकण्याची. संगणकातला ‘फाखइन्फॉर्माटिकर’ हा पेशा १९९७ पासून मान्य आहे. तरुणांना तो शिकायला तीन वर्षे लागतात, प्रौढांना दोन. परीक्षा त्या-त्या भागातले उद्योग-व्यापार मंडळ घेते, शिकवणारी संस्था घेत नाही. खरा विश्वास इथून सुरू होतो. सॉफ्टवेअर बांधणीची शाखा घेतलेल्याला परीक्षेसाठी एक खरेखुरे काम जास्तीत जास्त ८० तासांत पुरे करावे लागते. एखाद्या गॅरेजसाठी दुरुस्तीची वेळ ठरवून देणारे पान, असे ते काम असू शकते. आधी प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा. मग तास कुठे गेले, खर्च किती आला, कोणता डेटाबेस घेतला आणि दुसरा का नाही, हे सगळे लिहून द्यायचे. शेवटी परीक्षकांसमोर पंधरा मिनिटे मांडणी आणि त्यावर प्रश्नोत्तरे. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस तिथे बसतो तेव्हा आजवर गिऱ्हाइकाशी बोलण्यात, हिशेब देण्यात, चूक कबूल करून ती दुरुस्त करण्यात घालवलेली वर्षे त्याच्या कामी येतात. २०२३ च्या जुलैपासून अशा पूर्ण पेशाच्या शिक्षणाला भत्त्याखेरीज महिना १५० युरो जास्त मिळतात. मधली परीक्षा पास झाल्यावर १,००० आणि शेवटची झाल्यावर १,५०० युरो. दोन वर्षे कमी पैशांत काढणे संसारी माणसाला किती जड जाते, हे ओळखून ठरवलेले हे आकडे आहेत.

हीच गोष्ट विम्यावाचून केली तर काय होते, हे अमेरिकेत दिसले. तिथे २०१२ पासून बूटकॅम्प फोफावले आणि त्यांच्यातल्या एका नामांकित संस्थेने २०१७ पासून आकर्षक तोड काढली: आज फी नको, वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर पगार मिळू लागला की दोन वर्षे पगाराचे १७ टक्के द्या. वरवर पाहता जोखीम संस्थेने घेतली होती. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक अर्थसंरक्षण संस्थेने निर्णय दिला की हा करार मुळात कर्जच होता, त्याचा सरासरी ४,००० डॉलरचा आकार विद्यार्थ्यांपासून लपवला होता, आणि ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागतात ही जाहिरात खोटी होती. खरा आकडा निम्म्याच्या आसपास, काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली. मधल्या वयात नोकरी, आरोग्य विमा आणि घराचे हप्ते एकाच दोरीला बांधलेले असताना माणूस अशा वचनावर विसंबतो, कारण विसंबायला दुसरे काही नसते. चाळिशीतल्या विद्यार्थ्याला शिकायला थोडा वेळ जास्त लागेल, ते सोसण्यासारखे आहे. फसल्यावर पुन्हा उभे राहायला त्याच्याकडे वर्षे कमी असतात, हे त्याहून गंभीर आहे. म्हणून जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे, हा प्रश्न मी आधी विचारतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आजच्या काळाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता साधा कोड स्वतःच लिहू लागली. मग नवशिक्यांची फौज कशाला उभी करायची? हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि मी खोडणारही नाही. बिटकॉम या उद्योगसंघटनेच्या मोजणीत २०२३ मध्ये जर्मनीत संगणक क्षेत्रातल्या १,४९,००० जागा रिकाम्या होत्या. २०२५ मध्ये तो आकडा १,०९,००० वर आला. नुसते पान रंगवता येणाऱ्याला दार उघडेल असे दिवस गेले. पण अजून लाखावर जागा रिकाम्या आहेत, आणि देशाचे संगणकीकरण जिथे अडते तिथे कोडपेक्षा कामाची जाण कमी पडते. ५७५ सरकारी सेवा २०२२ अखेर ऑनलाइन आणायच्या असे २०१७ च्या कायद्याने ठरवले होते, मुदत हुकली. नगरपालिकेच्या खिडकीमागे वीस वर्षे बसलेल्या बाईला अर्जातला कोणता रकाना लोक चुकवतात हे पाठ असते. २८ जून २०२५ पासून ऑनलाइन दुकानांना अपंगांना वापरता येतील अशी पाने देणे बंधनकारक झाले. अगदी लहान व्यावसायिकांच्या सेवा यातून वगळल्या आहेत. ऑनलाइन अर्जातली एक साधी चौकट पाहा. आत फिक्या राखाडी अक्षरांत ‘तुमचे नाव’ असे लिहिलेले आहे. टाइप करायला लागले की ते नाहीसे होते, चौकटीला वेगळे लेबल नसल्याने अंधाला ऐकवणारा स्क्रीन रीडर तिथे अडखळतो, आणि चाळिशीचा चष्मा लागलेल्या डोळ्याला ती अक्षरे मुळातच दिसत नाहीत. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ हवे असा दंडक आहे. हा दंडक तरुणाला पाठ करावा लागतो. पन्नाशीतल्या माणसाला त्याचे कारण रोज स्वतःच्या डोळ्यांनी कळते. आणि १९६४ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे निवृत्तीचे वय इथे ६७ आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलेले काम बावीस वर्षे करायचे असते. दोन वर्षांच्या शिक्षणाला मग ‘उशीर’ कसे म्हणायचे?

व्यवस्थेत दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. व्हाउचर हा बहुतेकांचा हक्क नाही. समोरच्या अधिकाऱ्याला पटले तर मिळते. संस्थांना मान्यता देताना कागदोपत्री शिस्त कसून तपासली जाते, पण शिकवणारा खरेच चांगला आहे का, हे कागदावर उमटत नाही. सरकारी पैसा नक्की येणार म्हटल्यावर सुमार वर्गही भरतात. सर्वांत उंच भिंत भाषेची, आणि ती आपल्या माणसांना लागते. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून म्युनिक किंवा श्टुटगार्टला आलेल्या मराठी बायकांत शिक्षिका आहेत, हिशेबनीस आहेत, प्रयोगशाळेत काम केलेल्या आहेत. त्यांना व्हिसा काम करू देतो, पण जुन्या पेशाची पदवी इथे तशीच चालेल याची खात्री नसते. मग इंग्रजीतला बूटकॅम्प जवळचा वाटतो. पण मंडळाची परीक्षा जर्मनमध्ये असते, गिऱ्हाईकही बहुधा जर्मनच बोलते. माझ्या मते अशा बाईने कोडच्या आधी एक वर्ष भाषेला द्यावे, आणि अधिकाऱ्यापुढे छोटा कोर्स न मागता पूर्ण पेशाची मागणी ठेवावी. ती मंजूर होणे अवघड असले तरी तिथून मिळणारा कागद देशभर ओळखला जातो.

राहिला शेवटचा आक्षेप: हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याला कसे परवडणार? पण दुसऱ्याच्या जोखमीचा भार सगळ्यांनी मिळून उचलणे महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिला पैसा मिळावा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शेतात काम नसलेल्या मजुराची मजुरी शहरातल्या पगारदाराने भरायची, असा तो करार होता. आजही कारकुनाच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची ती ओळ असते, फेब्रुवारीत ३०० रुपयांची. १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा मात्र लूमवर वीस वर्षे काढलेल्या चाळिशीतल्या कामगाराला दुसरा पेशा शिकवण्यासाठी कोणाच्याच पगारपत्रकावर अशी ओळ नव्हती. कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी कोकणात परतला. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून अधिक जागा कमी करायचे ठरवले, तेव्हा इथल्या कामगारांपुढेही काळजी होतीच. पण त्यांच्या पगारातून १.३ टक्के दर महिन्याला कापले जात आले होते, आणि रोजगार कार्यालयाचा पत्ता त्यांना ठाऊक होता.