बराकींतले संसार

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर, सिंध सोडून आलेली हजारो सिंधी कुटुंबं याच छावणीत आणली गेली. सैनिकांच्या लांबलचक बराकींत चादरी, गोणपाटं बांधून आडोसे केलेले. पडद्याच्या अलीकडे एक संसार, पलीकडे दुसरा. घरदार, दुकानं मागे टाकून आलेल्या माणसांना हे सोसणं फार जड गेलं असणार. तरी बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी फेरीचा धंदा धरला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथल्या नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. बदलापूरवरून वाहत येणाऱ्या उल्हास नदीचं नाव वसाहतीला मिळालं. जुन्या छावणीच्या पाच भागांचे, म्हणजे कॅम्पांचे, क्रमांक उल्हासनगरच्या पत्त्यांत आजही लिहिले जातात.