कड्यावरची समुद्राची लेक

पावसाळ्यात शेणव्याहून पूर्वेला पाहिले की सह्याद्रीच्या भिंतीवरून पांढऱ्या धारा उतरताना दिसतात. सह्याद्रीतल्या अशाच काही ओल्या कातळांवर एक गोगलगाय राहते. करंगळीच्या नखाएवढी, कधी त्याहून लहान. तिचे गणगोत मात्र समुद्रात आहे.

तिचे शास्त्रीय नाव क्रेम्नोकाँकस. कोकणच्या किनाऱ्यावर लाटांचे तुषार उडतात त्या खडकांना बारीक गोगलगायी चिकटलेल्या असतात, त्यांचेच हे लिटोरिनिडी कूळ. या कुळातली गोड्या पाण्यात राहणारी ही एकमेव प्रजाती. तिथे लाटेचे तुषार, इथे धबधब्याचे!

हे नाते नुसत्या शंखावरून ठरवणे धोक्याचे. सारख्या जागी राहणाऱ्या परक्या गोगलगायींचे शंखही सारखे होतात. म्हणून जिभेवरचे सूक्ष्म दात पाहतात आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाची साक्ष काढतात. या ऊर्जाकेंद्रांचा स्वतःचा छोटा जीनोम असतो. माणसात तो 16,569 अक्षरांचा आणि 37 जनुकांचा. बहुतेक गोगलगायींतही जनुके तेवढीच असतात. (त्यातल्या एखाद्याच अक्षराच्या चुकीने तरुण माणसाची दृष्टी गेल्याचे आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे.) त्यात बदल भरभर साचतात, त्यामुळे जवळची नाती उलगडतात. फार जुन्या नात्यांसाठी केंद्रकातली सावकाश बदलणारी जनुकेही लागतात.

डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ यांनी 2013 मध्ये या प्रजातीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण नऊ जाती. पूर्वी माहीत असलेल्या तीन महाराष्ट्रातल्या, नव्याने नोंदलेल्या सहा कर्नाटकातल्या. मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये कोणी नाही. आपल्याकडची सह्याद्रेन्सिस, सह्याद्रीचेच नाव लाभलेली, आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त आहे.

वाघ एका जंगलातून दुसऱ्यात जातो. हिला ओला कातळ सोडून कुठे जाता येत नाही. वर पाणी अडवले, धबधब्याखाली साबण लावून आंघोळी झाल्या, रस्त्यासाठी कडा तासला, की तिथली वस्ती संपली. घाटात दरडी पडतात, माणसे जखमी होतात, तेव्हा कडे तासावेच लागतात हे मीही मान्य करतो. पण सुरुंग लावण्याआधी पावसाळ्यातला एक दिवस कोणी जाणत्याने भिंग घेऊन त्या कातळावर घालवावा, इतके तर जमू शकते.